बोलाकाकांची वाचा

आमच्या कंपनीत बाहेरून फोन केला की पलीकडून 'हॅलो' येत नाही. 'नमस्कार, आपले स्वागत आहे' असेही कोणी म्हणत नाही. एकच शब्द येतो, "बोला." तो फार गोड नसतो आणि तुसडाही नसतो. हातातले काम बाजूला ठेवून कोणी आपल्याकडे तोंड वळवावे, तसा तो येतो. आम्ही पाण्याचे पंप बनवतो. पंप बंद पडलेला माणूस आधी घरच्यांवर ओरडतो, मग प्लंबरवर ओरडतो आणि त्यानंतर आम्हाला फोन लावतो. "बोला" ऐकल्यावर तो बोलू लागतो आणि बोलता बोलता निम्मा निवळतो. उरलेला निम्मा आमच्या सर्व्हिस विभागाच्या वाट्याला येतो.

हे 'बोला' म्हणणारे आमचे टेलिफोन ऑपरेटर. त्यांचे खरे नाव पगारपत्रकावर आहे. पगारपत्रक माझ्याच हिशेब विभागात तयार होते, तरी ते नाव कोणी विचारले तर मला क्षणभर थांबावे लागते. सगळे त्यांना बोलाकाका म्हणतात. ते माझ्याहून वयाने लहान आहेत, पण मीही काकाच म्हणतो. ऑफिसात एकदा चिकटलेले नाते वय बघत नाही.

बोलाकाकांना दिसत नाही. शाळेत असताना आधी फळ्यावरची अक्षरे गेली, मग पुस्तकातली. "मास्तरांना वाटायचं, मी अभ्यास टाळतोय," ते सांगतात. "काही दिवस मलाही तसंच वाटत होतं. मजेत होतो." पुढे अंधांच्या शाळेत ते बोटांनी वाचायला शिकले, टेलिफोन बोर्ड चालवायचे शिक्षणही तिथेच घेतले आणि आमच्याकडे लागले. त्यांचे लग्नही त्या बोर्डानेच जमवले. एका हॉस्पिटलचा पंप बंद पडला होता आणि तिथल्या शिवणखात्यातल्या एका मुलीला तक्रार करायला बसवले होते. तिने फोन लावला, इकडून "बोला" आले. "तेव्हापासून ती बोलतेच आहे," असे काका म्हणतात. काकू समोर असल्या तर त्या म्हणतात, "आणि तेव्हापासून ह्यांनी माझं एक वाक्य पुरतं ऐकलं असेल तर दाखवा."

ज्याला दिसत नाही त्याला बाकीचे सगळे कळते, अशी लोकांची एक समजूत असते. बोलाकाका तिचा पुरेपूर फायदा उठवतात. जिन्यावर पाऊल वाजले की ते आतून म्हणतात, "या साहेब, आज उशीर?" पाऊल खरोखर साहेबांचे निघाले तर ऐकणारे थक्क होतात. एकदा ते पाण्याचे जार आणणाऱ्याचे निघाले. तो इतका संकोचला की जार पायरीवरच ठेवून पळाला. "मला निम्मंच कळतं," काकांनी मला एकदा सांगितले. "उरलेलं मी ठोकून देतो. बरोबर आलं की लोक लक्षात ठेवतात, चुकलं की विसरून जातात. तुमच्या हिशेबात अशी सोय नाही, बिचारे तुम्ही."

मदत मागायची त्यांना चीड आहे. जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत खुर्ची, टेबल, चहाचा थर्मास, खुंटीवरची काठी, सगळे ठरलेल्या जागी असते आणि सफाईवाल्या बाईसुद्धा ते हलवत नाहीत. सकाळी काकू त्यांना फाटकापर्यंत सोडतात. तिथून ते एकटे येतात. जिन्याशी कोणी "हात धरू का?" असे विचारले की ते म्हणतात, "धरा की. वर जायला भीती वाटते का तुम्हाला?" आणि त्या माणसाला खरोखर वरपर्यंत सोडून येतात.

जुना बोर्ड म्हणजे बटणांच्या रांगा असलेली एक अवजड पेटी होती. काकांची बोटे त्या रांगांवरून हार्मोनियमवाल्यासारखी फिरत. मग तो बोर्ड गेला आणि फोन कॉम्प्युटरवर येऊ लागले. फोन कोणाचा, तो कुठल्या विभागाला जोडायचा, कोणता विभाग सध्या बोलतो आहे, हे सगळे आता स्क्रीनवर दिसते. ज्याला दिसते त्याला. काकांसाठी अंधांच्या संस्थेने एक प्रोग्राम दिला. स्क्रीनवर जे असेल ते तो मराठीत बोलून दाखवतो. त्याचे नाव 'वाचा'. वाणी या अर्थाची वाचा. तिचा आवाज सर्दी झालेल्या बातमीदारासारखा आहे, पण काकांचे तिच्याशी लवकरच जमले. हेडफोनच्या एका कानात गिऱ्हाईक आणि दुसऱ्या कानात वाचा, असा त्यांचा संसार सुरू झाला. "घरी एक, ऑफिसात एक," ते म्हणत. "फरक इतकाच, हिचा आवाज कमी करता येतो."

हे असेच चालले असते, पण काकांवर सगळ्यांचा फार जीव. त्यात पहिला नंबर आमच्या गोडाऊनच्या प्रमुखांचा. त्यांना सगळे सल्लागार म्हणतात. ते सांभाळतात गोडाऊन, पण सल्ला कोणालाही देतात. माझ्या गुडघ्यापासून मालकांच्या गाडीपर्यंत त्यांना काहीही वर्ज्य नाही. काकांना हवामान कळावे म्हणून त्यांनी एक प्रोग्राम टाकला, बातम्या कळाव्यात म्हणून दुसरा, कॉम्प्युटर साफ राहावा म्हणून तिसरा. नवा प्रिंटर आला त्याच्याबरोबर त्याचा मदतनीस आला. काकांची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. ती सुट्टीत आली तेव्हा तिनेही आपल्या आवाजातला एक छोटा प्रोग्राम टाकून दिला. कॉम्प्युटर सुरू झाला की तो विचारतो, "बाबा, पाणी प्यायलात का?" आणि ज्याला दिसत नाही त्या माणसाच्या कॉम्प्युटरवर कॅमेऱ्यात चेहरा उजळ दाखवणारा प्रोग्राम कोणी टाकला, हे शेवटपर्यंत कळले नाही. सल्लागारांनी तो आरोप शपथेवर नाकारला.

आता यातली गोम अशी की यातल्या बहुतेक प्रोग्रामांना कॉम्प्युटर सुरू होताच आपणहून उठायची सवय असते. बटण दाबले की त्यांची रांग लागते. नवा आलेला न विचारता त्या रांगेत घुसतो, कोपर मारून पुढेही जातो. वाचा बिचारी सरळ स्वभावाची. ती मागे मागे जात शेवटची झाली. काका सकाळी बटण दाबत आणि वाचा बोलेपर्यंत थर्मासमधून चहा घेत. आधी अर्धा कप होई, मग पूर्ण कप होऊ लागला, मग बिस्किटे लागू लागली. तोवर फोन वाजत राहत. सकाळ ही पंप बिघडल्याचे कळण्याची वेळ. आणि वाचा बोलेपर्यंत काकांना फोन घेता येत नसे. मशीन झोपले आहे, जागे झाले आहे की अडकले आहे, हेही त्यांना कळायला मार्ग नसे.

ऑफिस मॅनेजर म्हणून नव्या मॅडम आल्या त्या याच सुमाराला. मनाने वाईट नाहीत, पण लपेटून बोलत नाहीत. त्या एकदा जिन्याखाली येऊन उभ्या राहिल्या. मी शेजारच्या कपाटातून फाइल काढत होतो.

"काका, सकाळी फोन वाजत राहतात."

"मशीन उठायला वेळ घेतं, मॅडम."

"मग तुम्ही थोडं लवकर येऊन सुरू करा."

"मी लवकरच येतो. तेही माझ्याबरोबर फाटकापासून चालत आलं असतं तर प्रश्न नव्हता."

मॅडम हसल्या नाहीत. "महिनाअखेरपर्यंत बघू," त्या म्हणाल्या. "नाही जमलं, तर फोनवर दुसरं कोणी बसवावं लागेल. तुम्हाला डिस्पॅचमध्ये घेऊ. पगार तोच राहील, त्याची काळजी नको."

डिस्पॅचमध्ये पंपाची माहितीपत्रके पाकिटात घालून पाकिटे चिकटवतात. दुपारी काकांनी डबा उघडला. मग म्हणाले, "काम वाईट नाही हो. बसून करायचं आहे. पण पाकिटाला 'बोला' म्हणून काय उपयोग?"

सल्लागार शेजारच्या टेबलावर होते, ते बोलले. "काका, हे रांगेचं दुखणं आहे. ती रांग आवरायची साधनं मिळतात. मी तीन बघून ठेवली आहेत. कोणाला उठवायचं, कोणाला झोपू द्यायचं, सगळं आपल्या हातात."

"मग तिन्ही शांतपणे बघू आणि एक निवडू," मी म्हणालो. "घाई नको."

"घाई कोण करतंय?" सल्लागार म्हणाले.

घाई त्यांनीच केली. काका संध्याकाळी घरी गेल्यावर ते पेन ड्राइव्ह घेऊन जिन्याखाली बसले आणि तिघांतले सर्वात देखणे साधन निवडून, त्यांच्या मते फालतू असलेले सगळे बंद करून मोकळे झाले. सकाळी काकांना सुखद धक्का द्यायचा, असा बेत होता.

सकाळी मी आलो तेव्हा काका खुर्चीत बसले होते. थर्मासचे झाकण टेबलावर उलटे होते, म्हणजे चहा संपला होता. फोन वाजत होता.

"आज फारच झोपलंय," ते म्हणाले. त्यांनी वाकून कॉम्प्युटरच्या पेटीवर तळहात ठेवला. "पंखा तर फिरतोय."

मी स्क्रीनकडे पाहिले. सगळे उघडलेले होते, फोन करणाऱ्याचे नावही दिसत होते. "काका, हे सुरू झालंय. आत्ता नाही, केव्हाच झालं असणार."

"मग ती बोलत का नाही?"

त्यांनी एक कळ दाबली, दुसरी दाबली, हेडफोनची पिन काढून पुन्हा लावली. काही नाही. फोन थांबला आणि दुसरा वाजू लागला. त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर आवळलेली होती. मग त्यांनी हेडफोन काढून माझ्या दिशेला धरला आणि म्हणाले, "तुम्ही घ्या."

इतक्या वर्षांत त्यांनी मला सांगितलेले हे पहिले काम. मी घाईने हेडफोन चढवला, कळ दाबली आणि म्हणालो, "हॅलो."

"राँग नंबर," पलीकडचा म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

तेवढ्यात फोनच्या आवाजाने मॅडम खाली आल्या आणि त्यांच्या मागोमाग, शाबासकी घ्यायला, सल्लागार. "काय काका, कसं वाटलं? बटण दाबलं की उभं. आहे की नाही?"

"उभं असेल," काका म्हणाले. "बोलत नाहीये."

"काल काय काय बंद केलंत?" मॅडमनी विचारले.

"फालतू तेवढंच. तो चेहरा उजळणारा, बातम्या, सफाईवाला, आणि ते एक 'वाचा'."

काकांनी मान वळवली. "वाचा?"

"सूचना हो. प्रत्येक प्रोग्रामबरोबर येतात ना, 'आधी हे वाचा'. आजवर कोणी वाचल्या आहेत? म्हटलं, रोज सकाळी उगाच उघडत असतील, बंद करून टाका."

फोन वाजत होता. मग काकांच्या खांद्यांना हलकासा हिसका बसला. मला वाटले त्यांना रडू येते आहे. ते हसत होते.

"अहो सल्लागार," ते म्हणाले, "ती चमच्यातल्या च ची वाचा नव्हे. चहातल्या च ची."

मॅडमनी दोन्ही शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले. मीही पाहिले. 'पुस्तक वाचा' म्हणताना जीभ दातांकडे जाते, चमचा म्हणताना जाते तशी. 'वाचा बसली' म्हणताना ती टाळूकडे जाते, चहा म्हणताना जाते तशी. लिहिताना मात्र दोन्हींना एकच च. सल्लागारांनी ते नाव स्क्रीनवर नुसते पाहिले होते. ते मोठ्याने म्हणायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, आणि ज्यांनी ते म्हणून दाखवले असते ते काका तेव्हा घरी काकूंचे ऐकत नव्हते.

"मग लिहिणाऱ्याने तरी वेगळं लिहायचं," सल्लागार म्हणाले.

"माझी वाचा तुम्ही बसवलीत, आणि वर शुद्धलेखन शिकवताय?"

मॅडम हसल्या. त्या हसलेल्या मी तेव्हा प्रथम पाहिल्या. सल्लागारांनी खाली मान घालून वाचेसमोरची खूण पुन्हा केली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, आणि सर्दी झालेला आवाज हेडफोनमधून ऐकू येताच काकांनी तो डोक्यावर चढवून पुढचा फोन घेतला. "बोला." त्या माणसाने बहुधा मघाच्या राँग नंबरची तक्रार केली असावी, कारण काका म्हणाले, "नाही हो, नंबर बरोबर आहे. मघाशी आमचे हिशेबाचे साहेब होते. त्यांना सवय नाही."

पण मॅडम गेल्या नव्हत्या. फोन संपल्यावर त्या म्हणाल्या, "आज सल्लागारांनी बंद केली म्हणून त्यांनाच सुरू करता आली. उद्या ती आपोआप बंद झाली, किंवा पुन्हा नवीन काही टाकलं आणि ती मागे गेली, तर तुम्ही काय कराल?"

हसणे तिथेच थांबले. डिस्पॅचचे टेबल पुन्हा खोलीत येऊन उभे राहिल्यासारखे वाटले.

"तेच मी विचारणार होतो," काका सावकाश म्हणाले. "रांग कोणीतरी आवरून देईल हो. कोणीतरी रोज असेल का? साधन असं हवं, जे मला चालवता येईल. मला, म्हणजे हिच्यामार्फत." त्यांनी हेडफोनवर बोट टेकवले.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "दुपारी बसू. तिन्ही साधनं बघू."

"बघू नका," काका म्हणाले. "ऐकू."

दुपारी फोन कमी असतात. मॅडमनी स्वतः खाली येऊन स्क्रीन बंद केला आणि वाचेचा आवाज हेडफोनऐवजी स्पीकरवर घ्यायला सांगितला. आम्ही चार माणसे एका काळ्या काचेसमोर कान टवकारून बसलो. बाहेरून कोणी पाहिले असते तर श्रद्धांजलीची सभा वाटली असती.

आधी सल्लागारांचे देखणे साधन. काकांनी ते उघडले आणि कीबोर्डवरून एकेक पाऊल पुढे जाऊ लागले. वाचा म्हणाली, "बटण. बटण. चित्र. बटण. बटण."

"कसलं बटण?" मॅडमनी विचारले.

"ते हिरवं आहे ना, ते," सल्लागार म्हणाले. "त्याच्या शेजारी मीटर आहे. सुरेख फिरतो."

"हिरवं ऐकू कुठून येणार?" काका म्हणाले. बनवणाऱ्याने बटणांना रंग दिले होते, नावे द्यायची राहिली होती. ते बाद झाले.

दुसरे साधन तज्ज्ञांचे. त्यात नावे होती, आणि नावेच नावे होती. कॉम्प्युटरच्या पोटातले, आम्ही कधी न ऐकलेले भागही त्यात होते. वाचा ती लांबलचक नावे अक्षर अक्षर करून सांगत राहिली. सल्लागारांनी जांभई दिली. काका मात्र बराच वेळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ही रांग नाही, जनगणना आहे." त्यातले एखादे चुकीचे बंद झाले तर मशीन उभेच राहत नाही, हे सल्लागारांनीच सांगितले. "मग हे हत्यार सर्जनच्या हातात असू दे. मला फक्त नखं कापायची आहेत."

"कॉम्प्युटरमध्ये स्वतःची अशी एक यादी असतेच ना?" मॅडम म्हणाल्या. "ती का नको?"

ती यादी उघडली. सरळ होती. नाव, आणि पुढे चालू किंवा बंद. वाचा ती न अडखळता वाचत होती. काकांना ती आवडली, मलाही वाटले की झाले काम. पण तिच्यात एक उणीव होती. प्रोग्राम बंद करता येत होता, रांगेत मागे ढकलता येत नव्हता. "प्रिंटरचा मदतनीस बंद करून कसं चालेल?" काका म्हणाले. "पावत्या निघणार नाहीत. तो हवाच, पण हिच्या नंतर हवा. मला गर्दी कमी नको, क्रम हवा."

उरले तिसरे. सल्लागार ते उघडायलाही तयार नव्हते. "एकदम करडं आहे हो. त्याला काही दिसणंच नाही."

"मलाही नाही," काका म्हणाले. "उघडा."

त्या करड्या साधनात एक पाऊल टाकताच वाचा म्हणाली, "प्रिंटर मदतनीस. चालू. ताबडतोब." पुढचे पाऊल. "हवामान. चालू. ताबडतोब." काकांनी एक कळ दाबली. "हवामान. चालू. उशिरा." पुन्हा दाबली. "हवामान. बंद."

काकांनी श्वास सोडला. तो इतका लांब होता की आम्ही तिघांनीही आपापला सोडला.

"हवामान राहू द्या ना," सल्लागार म्हणाले.

"मला खिडकी उघडली की कळतं."

"निम्मं," मी म्हणालो.

"उरलेलं ठोकून देईन."

पुढचे पाऊल टाकले आणि स्पीकरमधून आले, "वाचा. चालू. ताबडतोब." पण ते चमच्यातल्या च ने आले. आधी कोणाच्या लक्षात आले नाही. मग मॅडम म्हणाल्या, "पुन्हा म्हणायला लावा." काकांनी लावले. पुन्हा चमच्यातलाच. वाचाबाईंना स्वतःचे नावच म्हणता येत नव्हते.

सल्लागार खुर्चीतून अर्धे उठले. "ऐकलंत? ऐकलंत ना? तिलासुद्धा तसंच वाटतं."

"माफ," काका म्हणाले. "सल्लागार, तुम्हाला सगळं माफ. हिच्या माहेरीच गोंधळ आहे."

मग त्यांनी एकेक करून रांग लावली. चेहरा उजळणारा, बातम्या आणि सफाईवाला बंदच राहिले. प्रिंटर उशिरा. फोनचा प्रोग्राम वाचेच्या लगेच पाठीमागे. मुलीच्या आवाजाशी आल्यावर त्यांची बोटे थांबली. मॅडम म्हणाल्या, "तो राहू द्या, काका."

"राहू देणारच. पण उशिरा. तिला उशिरा उठायची लहानपणापासून सवय आहे."

यानंतर काकांनी जे केले त्याची आमच्यापैकी कोणालाच अपेक्षा नव्हती. ते वाचेवर परत आले आणि त्यांनी कळ दाबली. "वाचा. बंद." मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला.

"अहो, हे काय?" सल्लागार म्हणाले.

"सकाळी घडलं ते पुन्हा घडवतोय. तेव्हा माझ्याकडे किल्ली नव्हती."

वाचेला हाक मारायची कीबोर्डवर एक ठरलेली जोडी असते, ती संस्थेत शिकवली होती असे त्यांना आठवत होते. सकाळी घाबरल्यामुळे ती सुचली नव्हती. शिवाय ती लागते की नाही, हे कधी पाहिलेच नव्हते. वाचा रोज आपणहून येत होती. पंखा फिरू लागला. एक टिणकन आवाज झाला. मग शांतता. मॅडमचा हात स्क्रीनच्या बटणाकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. काकांची बोटे कीबोर्डच्या कडेवरून आत आली, चाचपत थांबली, आणि त्यांनी दोन कळा एकदम दाबल्या.

काही झाले नाही. त्यांनी बोटे उचलली, एक घर डावीकडे नेली आणि पुन्हा दाबली.

"वाचा सुरू झाली आहे," सर्दी झालेला आवाज म्हणाला. चमच्यातल्या च ने.

काका खुर्चीत मागे रेलले. त्यांनी चष्मा काढून पुसला. तो ते उन्हासाठी घालतात. पुसायची काही गरज नसते. "चला," ते म्हणाले. "आता ती रुसली तर समजूत माझी मीच काढीन." मग वाकून वाचेला त्यांनी परत रांगेत उभे केले. चालू. ताबडतोब. सगळ्यांच्या पुढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम जिन्याखालून गेलो. काकांनी बटण दाबले होते आणि थर्मासचे झाकण काढायला घेतले होते. झाकण फिरते ना फिरते तोच वाचा बोलली, आणि तिच्यापाठोपाठ फोन वाजला. "बोला." तो जोडला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. अधेमध्ये मुलीच्या आवाजाने पाणी प्यायची आठवण केली. बऱ्याच वेळाने त्यांना उसंत मिळाली तेव्हा त्यांनी कपाला हात लावला आणि माझ्याकडे तक्रार केली, "चहा निवला. हिने प्यायला वेळच दिला नाही." इतकी समाधानी तक्रार मी हिशेब विभागात कधी ऐकलेली नाही.

महिनाअखेरीला मॅडम काही कामाने बाहेर होत्या. दुपारी आल्या त्या सरळ जिन्याखाली. मी तिथेच होतो. हल्ली माझ्या फाइली त्याच कपाटात जास्त असतात.

"काका, सकाळी एका बाईंचा फोन आला होता? पंपातून गुरगुर आवाज येतो म्हणून? बराच आरडाओरडा केला?"

"आला होता."

"मी होते ती. दुसऱ्याच्या फोनवरून, आवाज बदलून. पहिल्याच रिंगला उचललात तुम्ही."

"ओळखलं होतं मी," काका शांतपणे म्हणाले.

मॅडम क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "डिस्पॅचसाठी मी दुसरी सोय बघते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला इथून हलवायचा विषय संपला." आणि त्या जिना चढून गेल्या.

त्यांची पावले वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत काका कान देऊन होते. मग माझ्याकडे झुकले. "ओळखलं कसलं. मी त्यांना सांगितलं, बाई, आधी पंपाचं बटण बंद करा, मग माझ्यावर ओरडा, दोन्ही आवाज एकदम ऐकू येत नाहीत. आणि दिलं सर्व्हिसला जोडून."

"मग आत्ता ओळखलं म्हणालात ते?"

"ते ठोकून दिलं," काका म्हणाले. हेडफोनमध्ये काहीतरी वाजले. त्यांनी एक बोट वर करून मला थांबवले आणि तोंड फोनकडे वळवले.

"बोला."